सखारामच्या गाडीचं बॉनेट

एकोणीसशे अडतीसच्या ऑक्टोबरात माझी नेमणूक देवळाली कॅम्पच्या मिलिटरी हॉस्पिटलात झाली. हुद्दा स्टाफ नर्स. वय तेवीस. अक्कल बेताची. प्रोबेशन तीन महिन्यांचं. गणवेशाला मी इतकी खळ घालायची की बसले की कापड कुरकुरायचं. सुट्टीला नाशकात घरी गेले की गल्लीतून मुद्दाम सावकाश चालायचे, सगळ्यांनी बघावं म्हणून. माझ्यावाचून फौजेचं अडलं असतं, असा माझा प्रामाणिक समज होता.

त्या जानेवारीत मला रात्रपाळी होती. ती सकाळी सहाला संपायची. बाहेर आलं की धुकं. बराकी नाहीशा झालेल्या असायच्या, नुसते आवाज उरायचे. बूट, बादली, लांब कुठेतरी बिगुल. आज मला ते दिवस तसेच आठवतात, कडा नसलेले. वेळा मात्र पक्क्या आठवतात. ती सवय फौजेची.

सहा वाजता ड्रायव्हर शिपाई सखाराम भोर अँब्युलन्सचं इंजिन सुरू करायचा. थंडीत ते दहा मिनिटं चालू ठेवायचं, ही स्टँडिंग ऑर्डर. सखाराम घोटीकडच्या एका खेड्यातला. बोलायला कमी, गाडी पुसायला जास्त. पाच वर्षं नोकरी झाली होती आणि बाहीवर अजून एकही फीत नव्हती. त्या शनिवारी इन्स्पेक्शन होतं. गाडी पास झाली की सखाराम लान्स नायक होणार, हे जमादार साहेबांनी त्याला सांगून ठेवलं होतं. त्याने घरी पत्रही लिहवून घेतलं होतं. ते मीच लिहून दिलं होतं.

गुरुवारी, सहा वाजून पाच मिनिटांनी, मला भूक लागली.

आईने आदल्या संध्याकाळच्या पॅसेंजरने डबा पाठवला होता. हुलग्याचे शेंगोळे. गार शेंगोळे म्हणजे शिक्षाच. सखाराम पाणी आणायला गेला होता, इंजिन चालू होतं. मी विचार केला, एवढी ऊब वाया का घालवा? बॉनेटचं एक पाख, म्हणजे एका बाजूचं पत्र्याचं झाकण, उघडलं, पितळी डबा इंजिनावर ठेवला आणि पाख खाली ओढलं. बसेना. जोर लावला. बसेना. मग मी पाठ टेकवून सगळा भार टाकला. खटकन आवाज झाला. मला वाटलं, बसलं.

सखाराम बादली घेऊन आला. त्याने पाख उघडलं. डबा पाहिला, बाहेर काढला. पाख मिटलं. खालची कडी खाचेपासून दोन बोटं वर राहिली.

"शिस्टर, ह्ये काय?"

"शेंगोळे."

"ते दिसत्यात. पत्रा वाकला ना."

"हातोडीने ठोकून घे."

"ठोकलं का रंग उडतो. रंग उडला का जमादार साहेब मला उडवत्यात." त्याने वाकलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. "दाबाय लागंल. दमानं. वजन पायजे."

"मग शोध कुणीतरी."

तो माझ्याकडे बघत राहिला.

त्याने पाखाखाली घोंगडीची घडी कोंबली, वर पोतं टाकलं आणि मी, सरकारी स्टाफ नर्स, कांजीसकट मोटारीच्या बॉनेटवर चढून बसले.

"किती वेळ?"

"पत्रा ऐकंल तवर."

खालून इंजिनाची ऊब येत होती. समोर धुकं. गाडी, सखाराम, मी, कशालाच जमीन नव्हती. मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा मेट्रन समोरून चालल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं असावं. धुक्यात बॉनेटवर बसलेली नर्स दिसली तर शहाणं माणूस दुसरीकडे बघतं, त्यांनी तेच केलं.

गुरुवार आणि शुक्रवार मिळून आम्ही तीन वेळा दाबलं. कडी खाचेत बसू लागली. उभ्या गाडीत बसायची. गाडी हादरली की निसटायची.

"इनिस्पेक्शनला गाडी उभीच ऱ्हाती ना," सखाराम म्हणाला. "शनवारी फीत लागू द्या. मंग आयतवारी पाख काढून नीट करतो."

शनिवारी सहा वाजून वीस मिनिटांनी, पाळी संपूनही मी गाडीपाशीच असताना, फायरिंग रेंजवरून टेलिफोन आला. ऑर्डर्लीने निरोप तसाच म्हणून दाखवला. "एक गनर जखमी. पायावरून तोफेचं चाक. गाडी पाठवा."

सखाराम, मी आणि ऑर्डर्ली निघालो. जाताना कडी टिकली. गनर विशीतला होता, तोंड पांढरं पडलेलं. पाऊल चेंगरलं होतं आणि रक्त थांबत नव्हतं. मी मांडीला पट्टा आवळला, वेळ लिहिली: सहा पन्नास. सर्जन साहेब हॉस्पिटलात तयार होते. आम्हाला फक्त पोचायचं होतं.

अर्ध्या मैलावर कडी निसटली. पाख उडालं आणि काचेवर आदळलं. सखारामने ब्रेक दाबला. मागे गनर ओरडला. सखारामने उतरून कडी बसवली. शंभर यार्डांवर पुन्हा तेच.

"दोरी?" मी विचारलं.

"नाय."

"ऑर्डर्ली, पट्ट्यावर हात ठेव. सोडायचा नाही." मी उतरले, पुढच्या मडगार्डवर चढले आणि पाखावर आडवी झाले. "चल."

"शिस्टर, पडाल."

"वजन पाहिजे ना? चल!"

त्या वाटेचं खरं सांगते, कारण आता मला कोणी शिक्षा करत नाही. मागे माणूस विव्हळत होता आणि मला स्वप्नात असल्यासारखं वाटत होतं. पोटाखाली ऊब, तोंडावर गार दव. दारणा नदीकडून येणारं धुकं अंगावरून वाहत होतं. पेरूची झाडं एकेक करून जवळ यायची आणि विरघळायची. वाटलं, ही वाट संपूच नये. असली बिनडोक पोरगी सरकारने नोकरीत कशी ठेवली, देव जाणे.

सात पंचवीसला पोचलो. गनरची दोन बोटं गेली. पाऊल वाचलं.

दहा वाजता इन्स्पेक्शन. बॉनेट उघडं, कड वाकलेली, काचेला तडा. कॅप्टन साहेब थांबले.

"किसने किया?"

मी दोन यार्डांवर उभी होते. एकच शब्द बोलायचा होता. माझ्या प्रोबेशनचे अकरा दिवस उरले होते. इंजिनावर डबा गरम करणाऱ्या नर्सला त्यांनी घरी पाठवलं असतं आणि त्याच गल्लीतून मला गणवेशाशिवाय चालत जावं लागलं असतं. मी बुटांकडे पाहत राहिले.

"मेरे हाथ से हुआ, साहब," सखाराम म्हणाला.

जमादार साहेबांनी वही उघडली आणि नाव खोडलं.

दुपारी मी त्याला गाठलं. तोच म्हणाला, "जाऊ द्या शिस्टर. फीत फुडल्या साली भेटंल. पोराचा पाय ऱ्हायला ना?"

मी कायम झाले. त्याच वर्षी लढाई पेटली आणि पुढल्या सालची बढतीची यादी लागण्याआधी सखारामची तुकडी बोटीवर चढली. दोन वर्षांनी इजिप्तच्या बाजूच्या वाळवंटात त्याच्या गाडीवर गोळा पडला. मेलेल्यांची यादी हॉस्पिटलात आली तेव्हा मी ड्यूटीवर होते. हुद्द्याच्या रकान्यात लिहिलं होतं, शिपाई.

लढाई संपल्यावर मी त्याच्या गावी गेले. त्याची बायको यमुनाबाई अंगणात भात कांडत होती. मी सगळं सांगितलं, डब्यापासून वहीपर्यंत. तिचं मुसळ थांबलं.

"मंग तवा का नाय बोललात?"

"भ्याले."

"कोनाला?"

"नोकरी जाईल म्हणून."

तिने मुसळ भिंतीला टेकवून ठेवलं. मग म्हणाली, "बाई, त्ये पत्र आलं व्हतं, फीत लागनार म्हनून. म्या आख्ख्या गावाला सांगितलं. मंग लागली नाय. लोक म्हनाले, गाडी मोडली आसंल त्यानं." तिने सूप ओढून घेतलं. "मानूस गेला. फीत घिऊन काय करू? पन कुटंतरी लिवून ठिवा. त्येंच्या नावावर मोडतोड नगं."

म्हणून लिहिते. शनिवारी दहा वाजता विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असं: साहेब, बॉनेट मी वाकवलं. ड्रायव्हर सखाराम भोर यांच्या हातून ती गाडी कधीही मोडली नाही.