का आणि काऊन

"का म्हण."

मी बाकावर उभी. सातवीत होते. जैनथजवळच्या आमच्या मराठी शाळेत निबंध मोठ्यानं वाचायचा होता. मी वाचलं, 'पैनगंगेवर आमच्या गावापाशी पूल काऊन नाही?'

सर हसले. "काऊन नाही, का. तुमच्या बौद्धवाड्यातली भाषा तिकडंच ठेवून यायची. म्हण."

"का."

"मोठ्यानं."

"का. का."

मागून कोणीतरी कावळ्यासारखं ओरडलं. मग सगळा वर्गच. सरांनी थांबवलं नाही.

पाटलाची पोरगी भाबडेपणानं उठली. "सर, ते बाकावर काऊन हुबी हाय?"

"बस बाळा," सर म्हणाले.

तिच्या काऊनला काही झालं नाही. गावात सगळेच काऊन म्हणायचे. बाकावर मी एकटी.

त्या दिवसापासून मी कावळी. वाटेनं पोरं का-का करायची. मी बोलणं सोडलं. मधल्या सुट्टीत भिंतीकडं तोंड करून भाकर खायचे. बोलायला कोणी नव्हतं, म्हणून मनातल्या मनात माणसं उभी केली. लोक विचारतात, लेखिका कशी झालात? अशी झाले. त्यात कौतुकाचं काही नाही.

एक गोष्ट मात्र आजवर लिहिली नाही. घरात माय आणि मी, दोघीच. कापूस वेचून आली की ती विचारायची, "काऊन वं बाई, जेवून नाई राह्यली?" एकदा मी ओरडले, "का म्हण! का!" तिनं म्हणून पाहिलं. "का." कसंतरीच आलं ते तिच्या तोंडून. मी हसले. अगदी सरांसारखी. त्यानंतर माय ताट सरकवायची आणि गप बसायची. काऊन नाही, का नाही. काहीच नाही.

नव्वद सालानंतर मी शिक्षिका झाले. आदिलाबादेत खोली घेतली. माय गेली. त्या रिकाम्या खोलीत शाळकरी पोरापोरींसाठी पहिली कादंबरी लिहिली. नायिका तेरा वर्षांची. माझ्या तोंडातून केव्हाच गेलेला शब्द ती कागदावर बिनधास्त बोलायला लागली. मी तिला अडवलं नाही.

नागपूरच्या एका प्रकाशकानं बोलावलं. "गोष्ट उत्तम. तेवढं काऊन काढा, बाई. गावंढळ वाटतं. का करून टाका."

मला मान डोलवायची सवय. डोलवणारच होते. पण कानात सगळा वर्ग ओरडायला लागला, आणि त्या गोंगाटात मायचा तो एकच 'का'.

"काऊन?" मी विचारलं.

त्यांना गंमत वाटली. हसले.

"काऊन काढू? सांगा ना."

त्यांनी घड्याळ पाहिलं. मी कागद उचलले आणि बस धरली.

मायला हे ऐकवायचं राहून गेलं. ऐकवलं असतं तरी तिनं माफ केलं असतं, असं मी धरून चालत नाही. आजही एकटीच राहते. तरी माझ्या पुस्तकांतली पोरं बाकावर चढणार नाहीत. जमिनीवर उभी राहून विचारतील, आणि काऊनच विचारतील. ज्याला हा शब्द कळत नाही त्यानं तो शिकून घ्यावा.

मी आता 'का' म्हणणार नाही.