आठशे मीटरचा डबा

आमच्या सौंसरच्या घरात सॅन्डविच आलं तेच भांडण घेऊन. सासूबाईंच्या लेखी डबलरोटी म्हणजे तापानं पडलेल्या माणसाचं खाणं. चहात बुडवून द्यायची आणि तो उठून बसला की बंद करायची. माझी धाकटी लेक तेव्हा नववीत होती. आठशे मीटर पळायची. तिच्या खेळाच्या मॅडमनी सांगितलं होतं की शर्यतीच्या दिवशी तेलकट, जड काही देऊ नका, ब्रेडमध्ये उकडलेला बटाटा, काकडी असं हलकं द्या. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "डबलरोटी खाऊन कोनी पळते का वं? भाकर दे तिले," त्या म्हणाल्या.

मी त्यांचं ऐकलं नाही आणि तोंडघशी पडले. पांढुर्ण्याला हिवाळ्यात शर्यत होती. पहाटे घाईघाईनं गरम बटाटा ब्रेडमध्ये भरला, टोमॅटोच्या चकत्या लावल्या, सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, पातळ चटणी फासली आणि झाकण दाबलं. वर, संत्र्याच्या घरातून डबा संत्र्याशिवाय कसा जाणार? दोन सोललेली संत्री त्याच डब्यात बाजूला ठेवली. दुपारपर्यंत आत जे तयार झालं त्याला नाव नव्हतं. ब्रेडचा लगदा, चटणी आंबलेली आणि सगळ्याला संत्र्याचा कडवट वास. पोरगी भुकेली होती, तिनं डोळे मिटून खाल्लं. दुसऱ्या चकरेत ती पोट धरून चालायला लागली. पांढुर्ण्याचीच एक उंच, काटक पोरगी पहिली आली, आणि माझी भिंतीशी वाकून ओकत होती.

घरी आल्यावर माझा नवरा हसायला लागला. आमचा संत्र्याचा बगीचा मोहगावच्या रस्त्याला आहे, आणि पेट्या भरण्यात त्याचं आयुष्य चाललंय. "तोडलेला संत्रा आमी कवा गरम गरम पेटीत भरतो का? सावलीत पडू देतो, त्याच्यातली गर्मी निघू देतो," तो म्हणाला. "आन् तू तं वाफ निघून राहिली तरी झाकण लावून राहिली." मला राग आला, कारण तो बरोबर बोलत होता.

उन्हाळ्याच्या तोंडावर छिंदवाड्याला मोठी निवड होती. खेळाडू मुलींच्या वसतिगृहात आठशे मीटरसाठी एकच जागा होती. राहणं, खाणं, शिकणं, रोजचा सराव, सगळं तिथं. धाकटीनं दुसरं काही मनातच आणलं नव्हतं. झोपेतही तिचे पाय हलायचे. मला पळता येत नाही, पण डबा माझ्या हातात होता, आणि मी हट्टाला पेटले.

रोज सकाळी सॅन्डविच करायचं आणि उन्हं उतरायला लागली की उघडून बघायचं. फसलेली सगळी नवऱ्यानं खाल्ली, तो नाही म्हणत नाही. बटाटा पूर्ण थंड झाल्याशिवाय भरायचा नाही, हे पहिल्यांदा पक्कं झालं. मग कळलं की दोन्ही कापांना आतून घरचं लोणी अगदी कडेपर्यंत लावलं की ओल ब्रेडमध्ये शिरत नाही. काकडीला मीठ लावून, पिळून, फडक्यावर कोरडी करायची. टोमॅटोला रजाच दिली. चटणीत पाण्याचा थेंब नाही, भाजलेल्या शेंगदाण्यांवर घट्ट वाटलेली. मग सॅन्डविच बटर पेपरमध्ये, त्यावर ओलं करून घट्ट पिळलेलं सुती फडकं, आणि डब्याशेजारी पिशवीत बर्फ केलेली पाण्याची बाटली. संत्री वेगळ्या पिशवीत, लांब.

एके दिवशी दुपारी फडकं सोडलं आणि ब्रेडला बोट लावलं तर तो सकाळसारखाच मऊ होता. बाहेर कुत्रीसुद्धा नालीत जाऊन बसली होती, आणि हे एवढंसं खाणं आपला थंडपणा सांभाळून बसलेलं. मी एकटीच स्वयंपाकघरात उभी राहून त्याच्याकडे बघत होते. लोणी, फडकं आणि थोडा धीर, एवढ्यानं दुपार अडवता येते याचं मला फार नवल वाटलं. सासूबाईंनी एक तुकडा खाल्ला. "हं," म्हणाल्या. त्यांच्याकडून एवढं म्हणजे सत्कारच.

निवडीच्या दिवशी आम्ही दोघी पहिल्या बसनं निघालो. घाटात तिला मळमळतं म्हणून पोटात फक्त एक केळं होतं. मैदानावर पोचलो तर कळलं, आठशे मीटर सकाळी नाही, दुपारनंतर. सगळ्या पोरी कडुनिंबाच्या सावलीला बसल्या. आमच्याशेजारी कोण यावं? तीच पांढुर्ण्याची पोरगी. शाळेच्या सरांसोबत आली होती, आणि सर कुठं कागद दाखवायला गेले होते. तिनं मला "नमस्ते काकू" म्हटलं. मी मान हलवली.

खायची वेळ झाली तशी तिनं डबा उघडला. तिच्याही आईनं सॅन्डविच दिलं होतं. मला बघायचीसुद्धा गरज पडली नाही, वासावरून कळलं. गरम भरलेला बटाटा, पातळ चटणी, दाबलेलं झाकण. त्या माउलीनं पहाटे उठून अगदी मी केलं होतं तेच केलं होतं. पोरीनं एक घास तोंडात घेतला, थांबली, आणि गुपचूप कागदात काढला. मग डबा बंद करून पाणी प्यायला लागली. मी बघून न बघितल्यासारखं केलं. मनात आलं, चला, आता आपली पोरगी सुटली. कोणत्याही आईच्या मनात येईल तसंच ते आलं.

माझ्या धाकटीनं फडकं सोडलं, पेपर उलगडला आणि अर्धी सॅन्डविचं उचलून तिच्यापुढे धरली. "हे खाय. तुयावालं खराब झालं ना?"

पोरगी लाजली, नाही नाही म्हणाली, मग घेतलं. दोघी मांडीला मांडी लावून खायला लागल्या. ब्रेड मऊ होता, काकडी कुरकुरत होती, इतकं छान सॅन्डविच मी कधी केलं नव्हतं, आणि माझा संताप मस्तकात गेला होता. पोरगी हात धुवायला नळावर गेली तशी मी धाकटीचा दंड धरला.

"अकल हाये का तुले? तिच्यासाठी केलं होतं का मी? एकच जागा हाये ना वं!"

तिनं माझ्याकडे शांतपणे बघितलं. "आई, तवा तिनं मले हरवलं, पन माह्या पोटात गडबड होती. ते हारनं मले खरंच नाई वाटलं. आज तिच्या पोटात गडबड असंन तं माह्यं जिकनं कसं खरं होईन? मले ती धडधाकट पायजे."

मी दंड सोडला. ही दया नव्हती. दया मला समजली असती, रागावताही आलं असतं. ही त्याहून काही मोठी गोष्ट होती, आणि ती माझ्या घरात, माझ्या चुलीवरचं खाऊन, मला पत्ता न लागता वाढली होती.

उन्हं कलल्यावर शिट्टी झाली. पहिल्या चकरेत सगळ्या एकत्र होत्या. दुसऱ्या चकरेत त्या दोघीच पुढे निघाल्या आणि बाकीच्या जणू वेगळ्याच शर्यतीत राहिल्या. मी पोरीला अंगणात, बांधावर, रस्त्यावर पळताना हजारदा बघितलं होतं. असं कधी बघितलं नव्हतं. चेहऱ्यावर भीती नाही, घाई नाही, शेजारच्या पावलांना उत्तर देत चाललेली. शेवटच्या वळणावर ती पुढे होती. मग ती दुसरी पुढे आली. मग पुन्हा माझी. रेषेवर दोघी एकदमच आल्यासारख्या वाटल्या. हातात घड्याळं घेतलेली माणसं एकमेकांशी बोलली आणि त्यांनी पांढुर्ण्याच्या पोरीचा हात वर केला. जागा तिची झाली.

मी धावत गेले. माझी धाकटी गवतावर उताणी पडली होती, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मला वाटलं, आता ही रडेल, आणि काय बोलायचं ते मी येता येता जुळवत होते. गुडघे टेकून तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिचे डोळे कोरडे होते. ती हसत होती, धापेनं शब्द तुटत होते तरी हसत होती.

"आई," ती म्हणाली, "आता खरी हारली मी."