पुस्तक लोहाऱ्याला अडकलं

“सर, पुस्तक वाहिद मिस्त्रीपाशी हाये, तं मी कपाट नंबर चार काहून लिवू? चार नंबरात जाऊन पाहा तुमी. तिथं आता झाडूबी ठेवता येते.”

इंद्रजित सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पडद्यावरची नोंद काही बदलली नाही. पुस्तक : जिनिंग कारखान्यांची पाहणी, १९५८. ठिकाण : वाहिद मिस्त्री, दारव्हा, बसस्टँडच्या मागे, पान बावन्न.

“पान बावन्न कशाला?”

“तिथलोक वाचून झालं त्याचं. काल विचारलं मी.”

मागच्या बाकांवर हसण्याची खसखस पिकली. मथुराबाई हसली नाही. तिनं कामाचंच लिहिलं होतं.

साल दोन हजार सात. कापसानं जिल्ह्याचं पार भजं करून टाकलं होतं, पण संशोधकांचं पीक मोठं जोरात होतं. पुण्याहून, मुंबईहून, दिल्लीहून पोरंपोरी येत आणि गावोगाव तेच पाच प्रश्न विचारत. बोरी अरबातले एक आजोबा तर पाहुणा ओट्यावर टेकायच्या आत उत्तरं सुरू करत आणि शेवटी “तीन नंबरचा राह्यला तुमचा,” अशी आठवणही करून देत. या संशोधकांना जुने कागद सापडत नव्हते आणि ग्रंथपालांना कॉम्प्युटर सापडत नव्हता. म्हणून कोण्या योजनेतून यवतमाळच्या एका कॉलेजात तीन दिवसांची कार्यशाळा निघाली. एक संशोधक, एक ग्रंथपाल, अशी जोडी. प्रत्येकानं आपल्या ग्रंथालयातली तीनशे पुस्तकं कॉम्प्युटरवर चढवायची. शिकवायला नागपूरचे इंद्रजित सर.

मथुराबाई खरं तर ग्रंथपाल नव्हतीच. दारव्ह्याकडच्या एका कॉलेजात अठ्ठ्याऐंशी साली ती झाडूवाली म्हणून लागली. पुस्तकांवरची धूळ पुसता पुसता पुस्तकं ओळखीची झाली, मग वाचणारे ओळखीचे झाले. ग्रंथपाल नानाजी सर रिटायर झाले, त्यांची जागा कोणी भरली नाही आणि किल्ली बाईच्या कमरेला येऊन बसली. चार वर्षं कोणाला काही वाटलं नाही. यंदा प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, “बाई, या कार्यशाळेचं प्रमाणपत्र आणलं तर लायब्ररी तुमच्याकडे. नाही तर जूनपासून तिथं कॉम्प्युटरचे क्लास, आणि पुस्तकं पोत्यात भरून गोडावनात.”

गोडावन बाईनं पाहिलं होतं. तिथं मांजरीएवढाले उंदीर होते आणि मांजर नव्हती.

“आणतो प्रमाणपत्र,” बाई म्हणाली.

नानाजी सर असतानापासूनच तिची आपली एक रीत होती. पोरं खेड्यांवरची. पेरणी-वेचणीच्या दिवसात पोरगं कॉलेजात दिसायचं नाही, मग पुस्तक त्याच्याकडे एस.टी.नं जायचं. कंडक्टर आपल्या सीटखाली ठेवायचा, फाट्यावर उतरवून द्यायचा, वाचून झालं की दुसऱ्या गाडीनं परत. कॉलेजातल्याच पोरांना द्यायचं असा काही कायदा बाईनं ठेवला नव्हता. वाहिद मिस्त्रीनं जिनिंगच्या रेच्याचा, म्हणजे सरकी काढायच्या यंत्राचा, नकाशा पाहायला पुस्तक मागितलं, तिनं दिलं. एकोणीस वर्षांत सात पुस्तकं हरवली. त्यातली चार प्राध्यापकांकडून.

कार्यशाळेतली तिची जोडीदारीण उर्वशी, पुण्याची. बंद पडलेल्या जिनिंगवर पीएचडी करत होती. पहिल्या दिवशी बाईनं माऊस असा धरला, जशी कणीकच तिंबायची होती. उर्वशी म्हणाली, “मथुराताई, हळू.”

“ताई नोको म्हणू वं. ताई म्हणणारे लोक काम सांगते. बाई म्हण.”

दुसऱ्या दिवशी बाईचा हात बसला. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तीनशे बारा पुस्तकं चढली आणि सरांनी तीनशे बाराही नोंदी चूक ठरवल्या. ठिकाणाच्या रकान्यात कपाट आणि मांडणीच पाहिजे. “रामीबाईच्या लेकीपाशी, बाळंतपणाले माहेरी आली” हे ठिकाण होत नाही, म्हणाले.

“हे बघा, या कॉलेजची यादी. आदर्श.” सरांनी बोट ठेवलं. “कपाट सहा, मांडणी दोन.”

“चला पाहू,” बाई म्हणाली.

यादी दाखवल्यावर उठून पाहायला जायचं हे आजवर कोणाला सुचलं नव्हतं. सगळे गेले. कपाट सहा, मांडणी दोन. तिथं चहाचा थर्मास होता आणि स्नेहसंमेलनातली एक दाढी. पुस्तक नव्हतं.

सरांनी दाढी उचलून तिच्याखालीही पाहिलं. मग म्हणाले, “ठीक आहे. परीक्षा म्हणजे जोडीदाराला हवं ते पुस्तक पाच वाजेपर्यंत टेबलावर आणणं. तुम्ही तुमच्या यादीवरून आणा. आणलं तर प्रमाणपत्र.”

उर्वशीला हवं होतं तेच, अठ्ठावन्न सालचं. दोन वर्षं ती नागपूर-पुणं पालथं घालत होती. तीन वाजले होते आणि पुस्तक चाळीस किलोमीटरवर होतं. बाईनं वाहिदला फोन लावला.

“बाई, नऊ पानं राह्यली ना.”

“राहू दे तशीच. हरिसिंगची गाडी लागली असन, त्याच्यात टाक.”

फोन ठेवून बाईनं एकेक अक्षर शोधत रकाना बदलला. ठिकाण : हरिसिंग कंडक्टर, यवतमाळ गाडी. पावणेचारला नोंद झाली, बोरी अरब सोडलं. बाकीच्या जोड्या आपापली कामं टाकून तिच्या पडद्यापाशी जमल्या. सरही लांबून पाहत होते.

“पुस्तक मोठं चांगलं हाये बाई,” हरिसिंग फोनवर म्हणाला.

“वाचू नोको. तिकिटं फाड.”

सव्वाचारला लोहारा. तिथून यवतमाळचं स्टँड दहा मिनिटांवर. साडेचार झाले, पावणेपाच झाले, नोंद लोहाऱ्यावरच. हरिसिंग फोन उचलेना. बाईनं माऊस पदरानं पुसला. शेवटी कोणी तरी उचलला, तो एक पॅसेंजर निघाला.

“कंडक्टर वाचून राह्यला बाप्पा. घंटीच देत नाई. ड्रायव्हर म्हंते, घंटीशिवाय गाडी हालत नसते, कायदा हाये. अर्धी गाडी उतरून चहाले गेली.”

“त्याच्या कानाले लाव फोन.”

“बाई,” हरिसिंग फोनवर आला, “यात आमच्या तांड्याजवळच्या जिनिंगचं नाव हाये. मजुरांची यादी हाये. माया बाप तिथंच कामाले जाये. त्याचं नाव पाहून राह्यलो.”

“सापडलं?”

“अजून नाई.”

“यवतमाळात सापडवू. घंटी दे आधी.”

पाच वाजले. प्रमाणपत्रांचा गठ्ठा टेबलावर आला. पाच वाजून सात मिनिटांनी हरिसिंग तिकिटांची पेटी गळ्यात अडकवूनच वर्गात शिरला. उर्वशीनं पुस्तकाला हात घातला, तो सोडेना. दोघं मिळून यादीवरून बोट फिरवू लागले. बापाचं नाव नव्हतं. मुकादमाचं होतं.

“मुकादमाचं बरं सापडते,” हरिसिंग म्हणाला आणि पुस्तक देऊन गाडीकडे पळाला.

सरांनी घड्याळ पाहिलं, मग पडदा. ठिकाण : इंद्रजित सरांच्या टेबलावर. त्यांनी स्वतः टेबलाकडे पाहून खात्री केली.

“सात मिनिटं उशीर आहे, बाई.”

“तुमच्या आदर्श पुस्तकाले किती झाला, सर?”

सरांनी पेन काढलं. सही करताना म्हणाले, “पण कपाट नंबरही लिहायचा. दोन रकाने करा.”

“लिवतो ना. रिकामं कपाट कोणतं, थेबी समजलं पाह्यजे.”

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी प्रमाणपत्र उलटंपालटं करून पाहिलं, पाठीमागे काही लिहिलं नाही ना तेही पाहिलं आणि “बरं” म्हणाले. बाई लायब्ररीत आली. खिडक्या उघडल्या, फडकं मारलं. दिग्रसच्या गाडीनं सहा पुस्तकं आली होती, एक ओलं. ते तिनं पानं उघडून उन्हात ठेवलं, बाकीच्यांवर तारखेचे शिक्के मारले आणि दारात उभ्या असलेल्या पोरीला विचारलं, “तुले कोणतं पाह्यजे, आन कोणत्या गाडीनं जातं?”