अंदमानात घरचं पाणी

अंदमानला निघताना मी बॅगेत काय काय भरलं ते आठवलं की आता माझं मलाच हसू येतं. डासांचं मलम, तापाच्या आणि जुलाबाच्या गोळ्या, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या दोन ठिकाणी वाटून, ऊन लागू नये म्हणून पर्समध्ये एक कांदा, आणि आमच्या पडेगावच्या घरच्या फिल्टरचं पाणी, सहा बाटल्या. परक्या ठिकाणचं पाणी बाधतं यावर माझा फार विश्वास. जाणार आम्ही दोघीच, मी आणि एकाहत्तर वर्षांची आई. तिनं समुद्र कधी पाहिला नव्हता. एकदा त्यात उतरायचं, एवढंच तिचं मागणं होतं, आणि मी ते होऊ देणार नव्हते. गुडघे, रक्तदाब, लाटा. कारणं तयारच होती.

पहिले दोन दिवस मी तिला किनाऱ्यावर नारळाच्या सावलीत खुर्चीत बसवून ठेवलं. प्रवासासाठी मुद्दाम घेतलेला पंजाबी ड्रेस घालून ती पाण्याकडे बघत राहायची.

"पाय तरी भिजवू दे की गं."

"उद्या बघू," मी म्हणायचे, आणि तासाला ठरल्याप्रमाणे तिला पाणी पाजायचे. ती मुकाट प्यायची.

स्वतःला मात्र मी या नियमांतून सूट दिली होती. उन्हाचं आम्हाला काय कौतुक? मे महिन्यात भरदुपारी आमच्याकडच्या शहागंजच्या बाजारात खरेदी करणारी मी! शिवाय पाणी जपून वापरणं आमच्या हाडात मुरलेलं. नळाला कधी पाणी येईल याचा भरवसा नसला की ग्लास अर्धाच भरायची सवय लागते. घरचं पाणी आईला पुरलं पाहिजे म्हणून मी जेमतेम घसा ओला करत होते. आमच्याकडचं ऊन कोरडं, घाम आला तरी जागीच वाळतो. इथं कुर्ता दिवसभर ओलाच, आणि अंगातलं पाणी चाललंय हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी वाळूवर चालता चालता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी मटकन खाली बसले. आईनं मला धरून सावलीत नेलं, ओढणी भिजवून मानेवर ठेवली, टपरीवाल्याकडून बाटलीबंद पाणी आणि मीठ-साखर मागून आणली. त्याच्याशी ती कोणत्या हिंदीत बोलली, देव जाणे.

"कांद्यानं काय होतंय? पाणी पी आधी," ती घोट घोट पाजत म्हणाली. "मला पाजून पाजून सोताच वाळलीस व्हय?"

तासाभरानं मला हुशारी वाटली. किनाऱ्यावरचा जीवरक्षक विचारपूस करायला आला होता. आईनं त्यालाच विचारलं, पाण्यात कुठवर गेलं तर चालेल? समुद्र त्या दिवशी अगदी शांत होता. त्यानं दोन झेंड्यांमधली जागा दाखवली, कमरेच्या वर पाणी नको म्हणाला, आणि मी सोबत उभा राहतो म्हणाला. मी धडपडत उठायला लागले.

"तू बस," आई म्हणाली.

"अगं, तुला पोहता येत नाही!"

"कुणी सांगितलं? लग्नाआधी मळ्याच्या विहिरीत रोज पवायचे मी. पाठीला डबा बांधून शिकले, मंग बिनडब्याची."

"मग इतक्या वर्षांत बोलली का नाहीस?"

"कधी इचारलंस?"

ती गेली. कमरेइतक्या पाण्यात थांबली, जीवरक्षकाला काहीतरी म्हणाली, आणि हलकेच मागं रेलली. पाय वर आले. आई पाण्यावर उताणी पडली होती, डोळे मिटून. शेहेचाळीस वर्षं मी हिची लेक, आणि ही बाई मी पहिल्यांदाच बघत होते. मला रडू आलं, लाज वाटली, आणि फार फार आनंदही झाला. 'पुरे आता' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. मी ते गिळले.