पुरतं सांगणारे काका

"अर्धा सांगलंस तर अर्धाच गावता. पुरता सांगूक होया," असं म्हणत काका खुर्चीत बसायचे आणि आधी शर्टाच्या बाह्या दुमडायचे. मालवणच्या बाजारातल्या माझ्या सायबर कॅफेत चपला बाहेर काढून येणारं हे एकच गिऱ्हाईक. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. का, ते वाचता वाचता कळेलच तुम्हाला.

तहसील कचेरीतले ते निवृत्त टायपिस्ट. कीबोर्डकडे न बघता दहाही बोटं चालायची. कोपऱ्यातलं मशीन त्यांचं. तिथे दुसरं कोणी बसलेलं असलं, की मासळी संपल्यावर बाजारात पोचलेल्या माणसासारखं तोंड करून बाकावर वाट बघायचे.

गावात मात्र त्यांची ओळख वेगळी होती. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. आमच्याकडचं गाऱ्हाणं तुम्ही ऐकलंय ना? नुसतं 'देवा, सांभाळ' म्हणून भागत नाही. माणसाचं नाव, बापाचं नाव, गाव, घर, सध्या मुक्काम कुठे, त्रास काय, कोणापासून, सगळं देवाला मोठ्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. देवाकडे माणसं काय कमी आहेत? एखादी खूण राहिली तर भलत्याचंच भलं व्हायचं. काकांच्या गाऱ्हाण्यात काही राहत नसे.

एकदा मी सहज त्यांच्या पडद्यावर नजर टाकली आणि मला हसू आवरेना. शोधायच्या पट्टीत इंग्रजी अक्षरांत मराठी गाऱ्हाणं चाललं होतं. माझी मुलगी अमुक, नवरा अमुक, जिवावर उठला आहे, म्हणून पळून आली, शिरोड्याला मावशीकडे लपली आहे, घटस्फोट कसा मिळेल. पट्टी संपली तरी काका थांबले नव्हते.

"काका, दोन शब्द लिवल्यात तरी चलता हो!"

"आणि तेका कसा कळतला, कोणाचा चेडू ता?" चेडू म्हणजे आमच्याकडे मुलगी.

उत्तरात शिरोड्याची हॉटेलं आली. पण बाजूला दोन वकिलांच्या जाहिरातीही आल्या. त्या बघून काकांचे डोळे भरले. "बग, आयकता गो ह्या!" म्हणाले. बायको जाऊन खूप वर्षं झाली होती, मुलगी एकुलती, आणि घरातली ही गोष्ट देवळात चारचौघांत मोठ्याने बोलायची सोय नव्हती. इथे कोणीतरी गुपचूप ऐकत होतं. ते रोज यायला लागले. रोज तेच, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

मग एका दुपारी पांढऱ्या शर्टातला एक तरुण आला. फार गोड बोलणारा. "ताई, जरा बसू का?" म्हणून कोपऱ्यातल्या मशीनवर बसला आणि बसता बसता त्याने काकांचं नाव घेतलं. ओळखता का त्यांना? मी त्यांचा जावई. सासऱ्यांची तब्येत बरी आहे ना?

मी "नावानं ओळखते," म्हटलं आणि त्याच्या मागे जाऊन उगाच खुर्च्या सरकवत राहिले. त्याला मालवणातलं लॉज शोधायचं होतं. त्याने 'm' दाबलं, मग 'a'. आणि पट्टीखाली यादी उघडली. mazi mulgi. mazi mulgi. mazi mulgi. काकांनी रोज लिहिलेलं सगळं त्या ब्राउझरने जपून ठेवलं होतं आणि समोर बसेल त्याला ते आपुलकीने वाढत होतं.

मी मेन स्विच खाली ओढला.

"लाईट गेली," म्हटलं. भारनियमनाचे दिवस, दुसऱ्यांदा कोणी विचारत नसे. तो मात्र काळ्या पडद्याकडे बघत बसून राहिला. त्याने वाचलं की नाही, त्याच्या पाठीवरून मला कळेना. मग उठला, हसला आणि तितक्याच गोडीने म्हणाला, "शिरोड्याला गाडी कुठून मिळते हो?"

मी त्याला कणकवलीच्या गाडीत बसवलं. दक्षिणेला जाणाऱ्या माणसाला उत्तरेला पाठवलं आणि वर "सांभाळून जा हां" असंही म्हटलं. गाडी सुटताच काकांना फोन लावला, की मुलीला आत्ताच्या आत्ता शिरोड्यातून हलवा.

मुलगी निसटली. मावशीने तिला नेसत्या कपड्यांनिशी रिक्षात घातलं आणि गोव्याच्या हद्दीपलीकडे काढलं. जावई दिवेलागणीला पोचला. ओरडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. मावशीच्या ओट्यावर बसून राहिला आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत राहिला. मावशी सांगायची, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी काका आले. खुर्चीत बसले नाहीत. मी त्यांच्यासमोर ब्राउझरमधलं सगळं पुसून दाखवलं.

"ह्या हयचा पुसलंस. थयचा कोण पुसतला?"

"थय म्हणजे?"

"मी जेका सांगलंय, तेच्याकडचा."

मी म्हटलं, काका, ती कंपनी सातासमुद्रापलीकडची, तिला तुमच्या मुलीचं काय पडलंय? पण बोलताना मलाच ते पोकळ वाटलं. वकिलांच्या जाहिराती कशा आल्या होत्या मग? मी कंपनीला इंग्रजीत लिहिलं, की एवढं काढून टाका. क्षणात उत्तर आलं, संपर्क साधल्याबद्दल आभार. पुन्हा लिहिलं, पुन्हा आभार. काका म्हणाले, "कचेरीत अर्ज मागे घेवक निदान खिडकी तरी आसता गो." त्या कंपनीला खिडकी नव्हती. माणूसच नव्हतं तिथे भांडायला. मी भांडखोर म्हणून बाजारात प्रसिद्ध, पण आभाराशी कसं भांडणार?

त्यानंतर काका कॅफेच्या बाजूने चालेनासे झाले. रस्ता ओलांडून पलीकडून जायचे, आत बघायचेसुद्धा नाहीत. लोक हसायचे, म्हातारा मशीनला भितो म्हणून. मी हसत नव्हते. मला स्वतःला रिकाम्या दुकानात त्या चार पडद्यांकडे पाठ करून बसवत नव्हतं.

मुलगी गोव्यातून पुढे कुठेतरी गेली. मावशी सांगायला आली तेव्हा काकांनी दोन्ही कान दाबून धरले. "माका सांगू नको. माका ठावक नसला तर मी कोणाक सांगतलंय?" मावशीलाही त्यांनी बजावलं, तिला आणखी पुढे जायला सांग, आणि कुठे ते तूही विचारू नको. मुलगी अधूनमधून कुठल्यातरी बूथवरून मावशीला फोन करायची. रडायची, जेवण काय केलं ते सांगायची. कुठून बोलते ते नाही. तिच्या आवाजापलीकडे बापाला तिचं काही उरलं नाही, आणि तो आवाजही मावशीच्या तोंडून.

काका झोपेतच गेले. सकाळी त्यांच्या ओट्यावर माणसं जमली आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, चेडवाक कसा कळवूचा? मावशीकडे ना तिचा पत्ता होता, ना नंबर. मग शेजारचा कोणीतरी माझ्याकडे वळून म्हणाला, "तुझ्या इंटरनेटार सोद मगे. तेका सगळा ठावक आसता."

मी दुकान उघडलं, मशीनसमोर बसले. तिचं नाव लिहिलं की त्याखाली गाव लिहावं लागणार, बापाचं नाव लिहावं लागणार, बाप गेला हेही लिहावं लागणार. आणि ते वाचणार कोण कोण? मी बोटं उचलून घेतली. पुतण्याने अग्नी दिला.

बऱ्याच दिवसांनी मावशीकडे तिचा फोन आला. पलीकडून मुलीने नेहमीसारखंच विचारलं, "बाबा बरे आसत मां?"