मांडीवरचा धागा

“बाई, लुगडं आणखी थोडं वर घ्या. मागच्यांना दिसत नाही.”

अध्यक्षबाई माइकमधून बोलल्या. स्टेजवर माझी माय बसली होती. सतरंजीवर, एक पाय लांब करून, उकडलेल्या कोशांची टोपली बाजूला ठेवून. लुगडं गुडघ्यापर्यंत घेतलेलं. समोर खुर्च्या. पहिल्या दोन रांगांत सगळे साहेब लोक. एकाच्या गळ्यात कॅमेरा.

मायनं लुगडं वर घेतलं.

कोसा म्हणजे आमच्या जंगलातलं रेशीम. माझा बाप पावसाळ्यात येनाच्या झाडांवर किडे राखायचा, एरवी तलावात मासे धरायचा. किड्यांनी कोश केले की ते उकडायचे आणि माय त्यांचा धागा काढायची. चारपाच कोशांचे तंतू एकत्र धरायचे, उघड्या मांडीवर ठेवायचे आणि तळहातानं वळायचे. मांडीला राख लावून. वर्षानुवर्षं हेच. कातडी सोलते, भरून येते, पुन्हा सोलते. शेवटी काळी पडते, जाड होते. त्या धाग्याची साडी होते. अंगावर फार मऊ लागते म्हणतात. मला माहीत नव्हतं. आमच्या घरात ती कुणी नेसली नव्हती.

हे काम बाया आतल्या खोलीत करतात, दार लावून. माझा बापसुद्धा त्या खोलीत यायच्या आधी बाहेरून खोकायचा.

तरी माय फसली. चंद्रपूरच्या बाजूला एका मोठ्या कारखान्याची वसाहत होती. तिथल्या महिला मंडळाचा कार्यक्रम होता. आमचा धागा ज्यांच्या हातमागावर जायचा ते विठोबाभाऊ म्हणाले, “जाऊन येऊ बाई. तुमी धागा काढून दाखवजा, माह्या साड्या खपतीन.” महिला मंडळ म्हणजे सगळ्या बायाच असणार, असं मायनं धरलं. बायांपुढे मांडी उघडी करायला कसली लाज? तिनं हो म्हटलं. मी नववीत होते. वसाहत पाहायला मिळेल म्हणून हट्ट करून सोबत गेले.

हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि मायला साहेब लोक दिसले. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. मी गादीच्या खुर्चीवरून हात फिरवत होते. कुणीतरी माझ्या हातात समोशाची प्लेट दिली होती.

मायची मांडी दिसली तसा हॉलमध्ये आवाज झाला. “ई, काय झालंय हिला?” एक बाई म्हणाली. अध्यक्षबाई स्वतः कोशाचीच साडी नेसल्या होत्या, मधाच्या रंगाची. त्यांनी आपला पदर असा दोन बोटांत धरून पाहिला आणि विठोबाभाऊंना विचारलं, “धागा नंतर नीट धुतात ना हो?”

लोक हसले. विठोबाभाऊही हसले. मायची मान खाली होती, हात चालूच होता.

मला सगळं कळत होतं. नववीतल्या पोरीला काय कळत नाही? माझे कान तापले. पण मी उठले नाही. समोसा खात राहिले.

मग कॅमेरावाले साहेब म्हणाले, “असा फोटो चांगला नाही येणार. मुलगी आलीय ना हिची? तिला बसवा.”

अध्यक्षबाई माझ्याकडे बघून गोड हसल्या. “ये बाळ. नुसतं बसायचं. स्कर्ट थोडा वर घे आणि धागा मांडीवर धर.”

मायचा हात थांबला. “तिले नाई येत,” ती म्हणाली.

खरंच येत नव्हतं. लहानपणी मी एकदा कोश घेऊन तिच्याजवळ बसले होते, तर तिनं माझ्या हातावर फटका मारून कोश काढून घेतला होता. “तुही मांडी कोरी राहू दे,” म्हणाली होती. माझं दप्तर, माझी फी, तो स्कर्टसुद्धा तिच्या मांडीतून आला होता.

“यायला कशाला हवं? फोटोपुरतंच आहे,” साहेब म्हणाले.

मी उभी राहिले. “मी नाई बसत. माही मांडी मी कोनाले नाई दाखवत.”

आवाज इतका मोठा निघाला की माझी मीच दचकले. अध्यक्षबाईंचा चेहरा उतरला, मग लाल झाला. “माज केवढा! भाऊ, तुमच्या साड्या घेऊन जा परत.”

मायनं लुगडं घाईनं खाली ओढलं, तशी टोपली कलंडली. सांडलेले कोश एकेक करून टोपलीत भरले. कुणी वाकलं नाही. त्या दिवसानंतर विठोबाभाऊंनी तिचा धागा घेणं बंद केलं.

परतताना जीपमध्ये विठोबाभाऊ पुढे बसले, आम्ही मागे. मूल गावाच्या पुढे जंगल लागलं. मला वाटलं होतं, माय रागावेल, नाहीतर पाठीवरून हात फिरवेल. तिनं यातलं काहीच केलं नाही. फक्त म्हणाली, “तुले येवढं बोलता येते, पोरी. मंग माह्या वक्ती काऊन चुप बसली?”

रागानं नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

पुढे लोकांनी माझं कौतुक केलं. धीट पोरगी, साहेबांना नाही म्हणाली. मला ते कौतुक अजून टोचतं. माझ्या मांडीवर आलं तेव्हा मला तोंड फुटलं. तिची मांडी उघडी होती तोवर मी समोसा खात होते. आजही अंघोळ करताना माझे पाय दिसतात. स्वच्छ, एक ओरखडा नाही. मला त्यांची शरम वाटते.

आता मी गावातल्या बायांना घेऊन साड्या करून विकते. धागा पायानं फिरवायच्या चाकावर काढतो. चाकाचा खर्च आणि बायांची मजुरी धरून साडी महाग पडते. मांडीच्या धाग्याची सर नाही, असं व्यापारी म्हणतात. नसू दे. माय चाकावर बसते तेव्हाही आधी दार लावून घेते. सवय सुटत नाही तिची. काळी पडलेली कातडी तर काही पहिल्यासारखी होत नाही.

परवा नागपूरहून एक बाई आल्या. साडीवरून हात फिरवला, घडी मोडली, सगळं आवडलं. मग म्हणाल्या, “मांडीवरचा असेल तर वाटेल ते देईन. तुमच्या आई काढायच्या ना? एकदा दाखवा की.”

आत चाकाचा आवाज थांबला. माय ऐकत होती.

मी साडीची घडी घातली आणि उठून त्या दाराला पाठ लावून उभी राहिले. “नाई दाखवत,” म्हणाले. बाई साडी न घेताच निघून गेल्या. जाऊ देत. या घरात कुणाचं लुगडं आता वर होणार नाही, आणि कुणी तसं सांगायला आलं तर मी आधी उठेन. माझ्यावर यायची वाट पाहणार नाही.