शिंपीणकाकूंच्या कमरेचं माप

शिंपीणकाकूंची कंबर अकरा वर्षं ठणकत होती. डॉक्टर, मालीशवाले, आगाऊ शेजारणी, सगळ्यांनी हात टेकले. शेवटची आशा म्हणून काकूंनी नव्या औषधाच्या चाचणीत नाव घातलं. तिथे रोज वहीत दुखण्याचा आकडा लिहायचा, शून्य ते दहा. काकू लिहायच्या सव्वासात, पावणेआठ.

"अहो काकू, दुखणं आहे, बाही नव्हे! पूर्ण आकडा लिहा," नर्स म्हणाली.

"पाव इंचावरून गिऱ्हाईक भांडतं, बाई!"

सातव्या आठवड्यात एका सकाळी काकू मशीनवरून उठल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. कंबर गप्प! त्यांनी वाट पाहिली. काहीच दुखलं नाही. त्यांनी वहीत शून्य लिहिलं.

"अहो," दाढी करणाऱ्या नवऱ्याला त्यांनी हळूच विचारलं, "तुम्हाला रोजच असं वाटतं?"